झेवियर म्हणजे नवघर!

'झेवियर' हे नाव कानावर आलं की 'ख्रिश्चन नाव' एवढं म्हणून आपण मोकळ्या होतो. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथलं कोर्लई पोर्तुगीज काळापासून कॅथलिकांचं गाव. घरात अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात, तिला म्हणतात 'नॉ लिंग', आपली भाषा. इतका जुना शेजार, पण नावाचा अर्थ कधी विचारलाय?

झेवियर हा शब्द इंग्रजी नाही, मूळचा पोर्तुगीजही नाही. स्पेनच्या उत्तरेला डोंगरात बास्क लोक राहतात, त्यांच्या भाषेतला आहे. 'एचे' म्हणजे घर, 'बेरी' म्हणजे नवं. नवं घर! आपल्या पेणच्या शेजारी उरण तालुक्यात नवघर आहे, वसईतही आहे. तसंच हे.

म्हणजे मुळात हे मुलाचं नाव नव्हेच, गावाचं आणि तिथल्या गढीचं. ७ एप्रिल १५०६ला त्या गढीत फ्रान्सिस जन्मला. वडिलांचं घराणं 'हास्सो', गढी मात्र आईच्या, मारिया आस्पिल्कुएताच्या माहेरची! एक भाऊ तर आईचं आस्पिल्कुएताच लावायचा आणि धाकटा फ्रान्सिस आईच्या गढीचं झेवियर. १५१५ला वडील गेले, पुढच्याच वर्षी शत्रूने गढीचे बुरूज पाडले. त्या मोडक्या घरात आईने संसार रेटला. १५२५ला फ्रान्सिस शिकायला पॅरिसला गेला, १५२९ला आई वारली.

६ मे १५४२ला तो गोव्यात उतरला. ३ डिसेंबर १५५२ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्याचा अंत झाला. १६२२ला तो संत ठरला आणि मग भाविक घरांत मुलांची नावं 'फ्रान्सिस झेवियर' ठेवू लागले, पुढे नुसतंच झेवियर. गोव्यात त्याचं शावियेर झालं, स्पेनमध्ये हावियेर. संतांची चरित्रं पुष्कळ वाचायला मिळतात, पण हे नाव आईकडचं आहे, हे त्यात ठळकपणे कुणी सांगत नाही, याचंच मला नवल वाटतं.

आपल्याकडे १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचं नाव आलं, हे फार बरं झालं. माहेरचं आडनाव मात्र अजून लग्नपत्रिकेपुरतंच. आणि आस्पिल्कुएताबाईंच्या माहेरच्या घराचं नाव जगभरच्या शाळा-कॉलेजांवर लिहिलेलं आहे!