तिसरी लीग (पोलंड)

तिसरी लीग (पोलिश उच्चार: त्शेचा लीगा) ही पोलंडमधील पुरुषांच्या फुटबॉल स्पर्धांच्या उतरंडीतील चौथ्या स्तरावरील साखळी स्पर्धा आहे. ती चार प्रादेशिक गटांत खेळवली जाते. प्रत्येक गटात १८, म्हणजे सर्वसाधारणपणे एकूण ७२ संघ तिच्यात भाग घेतात. तिच्या वरच्या तिन्ही स्पर्धा संपूर्ण देशासाठी एकत्र होतात, तर तिच्या खालची चौथी लीग प्रांताच्या सीमेत खेळली जाते. त्यामुळे तिसरी लीग ही स्थानिक आणि राष्ट्रीय फुटबॉल यांमधील उंबरठा मानली जाते. प्रत्येक गटाच्या विजेत्याला दुसऱ्या लीगमध्ये थेट बढती मिळते.

नाव आणि स्तर

नावात 'तिसरी' आणि स्तर मात्र चौथा, ही विसंगती नव्या वाचकाला बुचकळ्यात टाकते. पोलंडमधील सर्वोच्च स्पर्धेच्या नावात क्रमांक नाही, हे तिचे कारण आहे. त्या स्पर्धेला 'एक्स्ट्राक्लासा' म्हणतात आणि क्रमांकांची मोजणी तिच्या खालून सुरू होते. सध्याची उतरंड पुढीलप्रमाणे आहे:

पहिला स्तर: एक्स्ट्राक्लासा (१८ संघ)
दुसरा स्तर: पहिली लीग (१८ संघ)
तिसरा स्तर: दुसरी लीग (१८ संघ)
चौथा स्तर: तिसरी लीग (४ गट)
पाचवा स्तर: चौथी लीग (प्रांतवार)

त्याखाली काही प्रांतांत पाचवी लीग, काही ठिकाणी जिल्हा लीग आणि सर्वांत शेवटी 'अ' वर्ग, 'ब' वर्ग अशा स्थानिक स्पर्धा असतात.

२००८ पर्यंत परिस्थिती वेगळी होती. त्या वेळी एक्स्ट्राक्लासाच्या लगेच खालच्या स्पर्धेला 'दुसरी लीग' म्हणत असत आणि 'तिसरी लीग' खरोखरच तिसऱ्या स्तरावर होती. जुनी आकडेवारी वाचताना हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते. एखादा संघ २००५ मध्ये तिसऱ्या लीगमध्ये होता आणि २०१० मध्येही तिसऱ्या लीगमध्येच होता, असे आढळल्यास तो जागच्या जागी राहिला असे वाटते. प्रत्यक्षात तो एक पायरी खाली आलेला असतो.

गट

२०१६-१७ च्या हंगामापासून पोलंडच्या १६ प्रांतांची चार गटांत विभागणी करण्यात आली आहे. प्रत्येक गटात शेजारशेजारचे चार प्रांत येतात:

पहिला गट: वूत्श, माझोव्येत्स्का, पोडलास्का, वार्मिन्स्को-माझुर्स्का
दुसरा गट: कुयाव्स्को-पोमोर्स्का, व्याल्कोपोल्स्का, पोमोर्स्का, पश्चिम पोमोर्स्का
तिसरा गट: दॉल्नोश्लोंस्का, लुबुस्का, ओपोल्स्का, श्लोंस्का
चौथा गट: मावोपोल्स्का, लुबेल्स्का, पॉटकार्पाट्स्का, श्वेंतोकशिस्का

पोलिश फुटबॉल संघटना या स्पर्धेचे सामायिक नियम ठरवते आणि गटांचे प्रत्यक्ष व्यवस्थापन प्रांतीय फुटबॉल संघटनांकडे असते.

स्पर्धेचे स्वरूप

हंगाम उन्हाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होऊन पुढील वर्षीच्या जूनच्या सुमारास संपतो. मध्ये कडक हिवाळ्यामुळे दीर्घ विश्रांती घ्यावी लागते. त्यामुळे हंगामाचे शरद फेरी आणि वसंत फेरी असे दोन भाग पडतात. प्रत्येक संघ गटातील उरलेल्या १७ संघांशी एकदा स्वतःच्या मैदानावर आणि एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, असे ३४ सामने खेळतो. अशा प्रकारे एका गटात ३०६ सामने होतात. विजयास तीन आणि बरोबरीस एक गुण मिळतो. हंगामाअखेर दोन संघांचे गुण समान झाल्यास आधी त्यांच्यातील परस्पर सामन्यांचा निकाल पाहिला जातो.

बढती आणि पदावनती

वर जाण्याचा हिशेब सोपा आहे: गटविजेता थेट दुसऱ्या लीगमध्ये जातो. खाली जाण्याचा हिशेब मात्र दरवर्षी बदलतो. गटात चार प्रांत असल्याने चौथ्या लीगमधून साधारणपणे चार विजेते वर येतात. एक संघ वर गेला आणि चार संघ खालून आले, तर गटाची संख्या १८ राखण्यासाठी तीन संघांना खाली जावे लागते. याखेरीज दुसऱ्या लीगमधून घसरलेले संघ आपापल्या प्रांतानुसार संबंधित गटात येतात. अशा प्रत्येक संघामागे आणखी एका संघाला पदावनत व्हावे लागते.

याचा परिणाम असा होतो, की एकाच क्रमांकावर राहिलेला संघ एका वर्षी वाचतो आणि दुसऱ्या वर्षी खाली जातो. गुणतक्त्याच्या तळाकडील संघांना स्वतःच्या सामन्यांइतकेच दुसऱ्या लीगमधील निकालांकडेही लक्ष ठेवावे लागते. एखाद्या संघाने माघार घेतली किंवा त्याला परवाना नाकारला गेला, तर हे गणित पुन्हा बदलते.

इतिहास

पोलिश फुटबॉल संघटनेची स्थापना डिसेंबर १९१९ मध्ये झाली. देशव्यापी साखळी स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली. तिच्या खालच्या स्तरावर त्या काळी प्रदेशवार 'अ' वर्गाच्या स्पर्धा होत्या. या प्रादेशिक विजेत्यांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवण्यासाठी पुन्हा आपसांत झुंजावे लागे. प्रादेशिक विजेतेपद आणि राष्ट्रीय प्रवेश यांमधील ही दरी पोलिश फुटबॉलमध्ये पुढेही वेगवेगळ्या रूपांत राहिली.

खालच्या स्तरांच्या रचनेवर देशाच्या प्रशासकीय विभागणीचा मोठा प्रभाव पडला आहे. १९७५ मध्ये पोलंडचे ४९ लहान प्रांत करण्यात आले होते; १९९९ मध्ये त्यांऐवजी १६ मोठे प्रांत अस्तित्वात आले. आजची विभागणी याच १६ प्रांतांवर आधारलेली आहे.

२००८ मध्ये संपूर्ण उतरंडीची पुनर्रचना झाली. जुन्या दुसऱ्या लीगला 'पहिली लीग' हे नाव मिळाले. तिच्या खाली पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांची नवी दुसरी लीग निर्माण करण्यात आली. तिसरी लीग चौथ्या स्तरावर गेली आणि तिचे आठ गट पाडण्यात आले. प्रत्येक गटात दोन प्रांत होते.

२०१४-१५ पासून दुसऱ्या लीगचे दोन गट एकत्र करून १८ संघांचा एकच गट करण्यात आला. त्यामुळे तिसऱ्या लीगमध्ये विजेते आठ आणि वर जाण्यासाठी जागा चार, अशी स्थिती निर्माण झाली. आठ विजेत्यांना जोडीजोडीने पात्रता सामने खेळावे लागले. संपूर्ण हंगाम अव्वल राहिलेला संघही या सामन्यांत पराभूत झाल्यास तिथेच राहत असे. ही अडचण दूर करण्यासाठी २०१६ मध्ये गटांची संख्या आठवरून चारवर आणण्यात आली. विजेत्याची बढती त्यामुळे निश्चित झाली. परंतु गटाचे क्षेत्र दुप्पट झाल्याने लहान गावांतील संघांचा प्रवास आणि त्याचा खर्च वाढला.

२०१९-२० चा हंगाम कोरोनाच्या साथीमुळे अर्धवट थांबवावा लागला. आघाडीच्या संघांना बढती देण्यात आली आणि कोणालाही खाली पाठवण्यात आले नाही. चौथ्या गटात मोटोर लुब्लिन आणि हुत्निक क्राकूफ यांचे गुण समान होते. त्या दोघांनाही वर घेण्यात आले. त्यामुळे पुढील हंगामात दुसऱ्या लीगमध्ये १९ संघ खेळले.

पूर्वीचे राष्ट्रीय विजेते

अनेक नामवंत संघांना आर्थिक डबघाईमुळे या स्तरावर यावे लागले आहे. वूत्श शहरातील विद्झेव्ह या संघाने चार वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले असून १९८२-८३ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली होती. २०१५ मध्ये दिवाळखोरीनंतर त्याला चौथ्या लीगपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्याच शहरातील एल्‌केएस हा दोन वेळचा राष्ट्रीय विजेता संघ २०१३ मध्ये त्याच वाटेने खाली आला होता. २०१६-१७ मध्ये हे दोन परंपरागत प्रतिस्पर्धी तिसऱ्या लीगच्या एकाच गटात होते. सुमारे १८ हजार आसनांच्या विद्झेव्हच्या नव्या मैदानाचे उद्‌घाटनही मार्च २०१७ मध्ये याच लीगच्या सामन्याने झाले. मात्र गटातून वर जाण्याची जागा एकच होती. एल्‌केएसला २०१७ मध्ये बढती मिळाली. विद्झेव्हला आणखी एक वर्ष थांबावे लागले.

१४ वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला रुख होझूव्ह २०१९ मध्ये तिसऱ्या लीगमध्ये घसरला. २०२१ मध्ये त्याने आपला गट जिंकला आणि सलग तीन बढत्या मिळवून २०२३ मध्ये तो एक्स्ट्राक्लासात परतला. राजधानी वर्झावा (वॉर्सा) येथील पोलोनिया या माजी विजेत्या संघाने २०१६ आणि २०२२ अशी दोनदा या लीगमधून वरची वाट धरली. २०१४ चा पोलिश चषक जिंकणारा झाविशा बिडगॉश्च २०१६ मध्ये थेट 'ब' वर्गात गेला आणि तेथून पायरीपायरीने तिसऱ्या लीगपर्यंत पोहोचला.

राखीव संघ

मोठ्या क्लबांचे राखीव संघही या लीगमध्ये खेळतात. राखीव संघाला मुख्य संघाच्या स्तरावर खेळता येत नाही. नवोदित खेळाडूंना प्रौढ खेळाडूंविरुद्ध सराव मिळावा, हा या संघांचा हेतू असतो. लेख पोझ्नानच्या राखीव संघाने २०१९ मध्ये आणि श्लोंस्क व्रोत्सवाफच्या राखीव संघाने २०२० मध्ये येथून दुसऱ्या लीगमध्ये बढती मिळवली.

पोलिश चषक

प्रत्येक प्रांतात स्वतंत्र चषक स्पर्धा होते आणि तिच्या विजेत्याला राष्ट्रीय पोलिश चषकात प्रवेश मिळतो. तिसऱ्या लीगमधील संघांना देशातील अव्वल संघांशी खेळण्याची संधी प्रामुख्याने याच मार्गाने मिळते. २०२२-२३ मध्ये लेखिया झेलोना गुरा या तिसऱ्या लीगमधील संघाने एक्स्ट्राक्लासातील यागिएलोन्या बियाविस्तोक या संघाला पराभूत केले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे लेगिया वर्झावाने त्याची घोडदौड रोखली.