जेवणाची खोली, बारा हजार आणि सगळं गोत

आमच्या जेवणाच्या टेबलावर गेली कित्येक वर्षं कोणी जेवत नव्हतं. सासूबाईंचा औषधांचा डबा, लाइटबिलं, ह्यांचं हेल्मेट, तीन चार्जर आणि निवडायला काढून ठेवलेली मेथी एवढ्यांची ती बसण्याची जागा होती. आम्ही पाचजण ताटं घेऊन हॉलमध्ये टीव्हीसमोर. मोठ्या दिरांच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तेव्हा "केळवण आमच्याकडे" असं मी फोनवर बोलून गेले. फोन ठेवला आणि मान वळवून त्या खोलीकडे पाहिलं.

एका इंटिरियरवाल्याला बोलावलं. त्याने मोबाइल फिरवून फोटो काढले आणि संध्याकाळी अडुसष्ट हजारांचा आकडा पाठवला. माझी अख्खी नोकरी पंचायत समितीच्या लेखा विभागात गेली. आकडा पाहून घाबरण्याची सवय नाही, पण हसू आलं. शंभरपानी वही काढून पहिल्या पानावर लिहिलं : मंजूर रक्कम 12,000. धाकटे दीर कोरेगावहून आले होते. ते म्हणाले, "वहिनी, मजूर कशाला? आपण सगळे आहोत की!" या वाक्याची किंमत पुढे वहीत 1,900 रुपये निघाली. चहा, वडापाव, दोन रविवारची मिसळ आणि एकदा सगळ्यांना मटण. घरची माणसं फुकट राबतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा खर्च आधीच मांडून ठेवावा.

मार्चच्या मध्याला कामाला लागलो. साताऱ्यात रंगकाम करायचं तर उन्हाळ्यात. पावसाळ्यात भिंत वाळायचं नाव घेत नाही.

पहिलं काम फक्त मोजण्याचं होतं, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. खोली दहा बाय नऊ. टेबल साडेपाच फूट लांब, तीन फूट रुंद. जेवताना एका माणसाला साधारण दोन फूट जागा लागते, म्हणजे लांबीला दोन-दोन आणि दोन्ही टोकांना एकेक, असे सहाजण आरामात बसतात. खुर्ची मागे सरकवून उठायला आणि वाढणाऱ्याला मागून जायला तीन फूट हवेत. नऊ फुटांत तीन फुटांचं टेबल मध्ये ठेवलं की दोन्हीकडे बरोबर तीन-तीन फूट उरतात. मग अडलं कुठे? शोकेसपाशी! दीड फूट खोल शोकेस एका भिंतीला, म्हणून टेबल सरकवून दुसऱ्या भिंतीला लावलेलं, म्हणून एक बाजू बाद. सहाजणांच्या टेबलावर चौघांची सोय, आणि त्यातल्या एकाला उठायचं तर दुसऱ्याने आधी उठायचं. आम्ही टीव्हीसमोर जेवतो याचं खापर मी इतकी वर्षं मुलांवर फोडत होते.

शोकेस सासूबाईंची. कपबशांचे चार सेट, सासऱ्यांची कॅरमची ढाल, आग्ऱ्याचा ताजमहाल. तो विषय निघताच त्या दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. तोड मुलीने काढली. शोकेस त्यांच्याच खोलीत गेली. आता खालच्या फळीवर पोथ्या, वरच्या फळीवर औषधं, ताजमहाल जागच्या जागी. खर्च शून्य. औषधांचा डबा टेबलावरून उठला, हा वरचा लाभ.

बाथरूमकडच्या भिंतीचे पोपडे निघत होते. दीर म्हणाले, "खरवडू, पुट्टी मारू, संपलं." मारली. आठव्या दिवशी त्याच जागी फुगा आला, बोट लावलं तर आतून मिठासारखी पांढरी पूड. ती पूड म्हणजे भिंतीतले क्षार. पाणी विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साचून रंगाला ढकलतात. अशा भिंतीवर कितीही भारी रंग लावा, तो उचकटणारच. ओल आतून येते की हवेतली आहे, हे ओळखायची साधी युक्ती आहे. दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवायचा आणि दोन दिवसांनी बघायचा. आमच्या प्लॅस्टिकला भिंतीकडच्या बाजूने थेंब होते. म्हणजे ओल आतली. बाहेरच्या बाजूने असते, तर खोलीतला दमटपणा समजायचा.

प्लंबर आला. पाइपचा एक सांधा पाझरत होता आणि बाथरूमच्या फरश्यांमधल्या सांध्यांतलं सिमेंट झिजून पोकळ झालं होतं. पाइप दुरुस्त करून सांधे इपॉक्सीने भरले, 1,800 रुपये. मग भिंत प्लास्टरपर्यंत खरवडून तीन आठवडे पंखा लावून उघडी ठेवली. अख्ख्या कामात दिसायला सगळ्यात निरुपयोगी खर्च हा, आणि मला विचाराल तर पहिला करायचा खर्चही हाच. दिरांची ती पहिली पुट्टी वहीत "निष्फळ खर्च" या सदरात आहे. ते अजून रागावतात.

दारं-खिडक्यांचा तेलरंग 1994चा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर 2017पासून. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधतं. भाच्याची दीड वर्षाची पोर घरात रांगत येते-जाते. म्हणून जुना रंग कोरडा घासला नाही. ओल्या फडक्याने भिजवत, वॉटरपेपरने घासला, गाळ पुसून पिशवीत बांधला आणि तेवढे दिवस पोरीला आजीकडे ठेवलं.

रंगाचा हिशोब सोपा आहे. भिंतींचा घेर अडतीस फूट, उंची साडेनऊ. दारं-खिडक्या वजा जाता तीनशे चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हात धरून साधारण साठ-पासष्ट चौरस फूट होतात, म्हणजे पाच लिटर. दुकानदाराने दहाची बादली पुढे केली होती. छटा मात्र कार्डावर बघून घेऊ नये. बोटभर चौकोनात जो रंग साय वाटतो, तो भिंतीभर झाला की श्रीखंड होतो. सगळ्यात लहान डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर हातभर पट्टा मारला आणि सकाळी, दुपारी, दिव्याखाली पाहिला. घरात पाच मतं होती. शेवटी फिकट पिवळसर ठरला आणि खालचे तीन फूट गडद तेलरंग, कारण खुर्च्यांच्या पाठी आणि आमटीचे हात तिथेच लागतात. हे म्हणाले, "सरकारी दवाखान्यासारखं दिसेल." दिसतं थोडं. पण ओलं फडकं मारलं की भिंत स्वच्छ.

आता टेबल. सासऱ्यांनी वाडा पाडताना निघालेल्या सागवानाचं ते करून घेतलं होतं. वर मेणकापड, त्यावर काच. काच उचलली तर खाली गरम भांड्यांचे पांढरे गोल आणि शाईचा एक डाग. भाचा आयटीआयचा, कुठूनसं घासायचं मशिन घेऊन आला. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आडवं नको रे, उभं घास," असं त्या सांगत होत्या. पण मशिनचा आवाज मोठा आणि त्यांचा लहान.

लाकूड त्याच्या रेषांच्या दिशेने घासायचं असतं. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत; पॉलिशचा पहिला हात लागला की कुणीतरी नखं मारल्यासारखे उठतात. तसेच उठले. भाचा म्हणाला, "मामी, टेबलक्लॉथ टाकू." मी नुसतं बघितलं. मग तो आणि माझा मुलगा दोन रविवार हाताने घासत बसले. आधी 120 नंबरचा पेपर, मग 180, मग 220. प्रत्येक नंबरनंतर धूळ पुसायची आणि बॅटरी आडवी धरून ओरखडा उरलाय का बघायचं. बारीक भोकं भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भरली.

पॉलिशसाठी चपडा आणला. ही लाख, झाडावरच्या किड्यांची. पापड्यांच्या रूपात मिळते. रात्री स्पिरिटमध्ये भिजत घालायची, सकाळी गाळून घ्यायची. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी करायची आणि लांब, न थांबता हात फिरवायचा. हात थांबला की तिथे कापड चिकटलंच. या कामाला सासूबाई स्वतः उठल्या. एकोणऐंशीव्या वर्षी टेबलाला टेकून, पुरचुंडी तळव्यात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी एकच हात मारला आणि भाच्याला म्हणाल्या, "कळलं?" त्या एका पट्ट्यात सागाच्या रेषा ओल्या झाल्यासारख्या वर आल्या. बाकीचे सहा हात पोरांनी दिले. चपड्याला उष्णता आणि पाणी सोसत नाही, हे मान्य. पण खराब झालं तर तेवढाच भाग घरच्या घरी दुरुस्त होतो, म्हणून मी तोच निवडला.

खुर्च्यांना खणाचं कापड लावायचं मुलीच्या मनात होतं. जाऊबाई शिवणाऱ्या, त्यांनी कापड दोन्ही हातांत ताणून दाखवलं आणि म्हणाल्या, "सहा महिन्यांत उसवेल." मग इचलकरंजीचं जाड सुती कापड, दोन इंची फोम, मागून स्टेपल, खणाची फक्त पट्टी टेबलाच्या मधोमध. जुनी ट्यूब जेवणाऱ्याच्या पाठीमागे होती, आपलीच सावली ताटात पडायची. वायरमनकडून छताला पॉइंट काढून घेतला. बुरुडाकडची 180 रुपयांची दुरडी उलटी टांगली, टेबलापासून अडीच-पावणेतीन फुटांवर, आत पिवळसर उजेडाचा 2700 केल्विनचा एलईडी. पांढऱ्याफटक उजेडात वरण आजारी दिसतं.

एकूण खर्च 12,150. दीडशे जास्त, मंजुरी मीच दिली.

केळवणाला अकराजण होते, सहा टेबलावर आणि पाच पाटावर. पुरणपोळी, कटाची आमटी, मसालेभात. पुतणीच्या पाटाभोवती जाऊबाईंनी रांगोळी काढली. ती टेबलावर नाही, आजीशेजारी खालीच बसली. सगळे वाखाणत असतानाच धाकट्या दिरांनी मसालेभाताचं पातेलं गॅसवरून उचललं आणि थेट टेबलावर टेकवलं.

गोल पांढरा डाग पडलाय, वीतभर. चपडा आणि स्पिरिट उरलंय, दिवाळीच्या सुट्टीत तेवढा भाग करून घेऊ. दिरांना तसा निरोप गेलाय. मटण मिळणार नाही, हेही कळवलंय.