मरणाची हकीकत आणि माणसाची आठवण

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात करोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि पुढच्या दोन वर्षांत सरकारी नोंदीप्रमाणेच राज्यातली सव्वा लाखाहून अधिक माणसं गेली. त्यांतली कितीतरी चालती-बोलती, कर्ती माणसं होती. आज मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकते. त्यांच्याविषयी घरोघरी जे सांगितलं जातं ते बहुतेक शेवटच्या आठ-दहा दिवसांचं असतं: खाटेसाठी केलेले फोन, रेमडेसिव्हिरसाठीची धावाधाव, खाली येत गेलेला ऑक्सिजनचा आकडा. त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षं या हकिकतीखाली दबून गेली आहेत. अवचित गेलेल्या माणसाचं मरण त्याच्या आयुष्यापेक्षा मोठं होऊन बसतं, आणि ते पुन्हा आयुष्याएवढं लहान करणं हे मागे राहिलेल्यांचं काम आहे.

हे काम पूर्वी दुखवट्याच्या दिवसांत आपसूक होत असे. घरात चूल पेटत नसे, सोयरे-शेजारी पिठलं-भात घेऊन येत, बैठकीत सतरंजी अंथरलेली असे. येणारा प्रत्येकजण आधी ‘कसं झालं?’ विचारी, पण तेराव्यापर्यंत बोलणं त्या माणसाच्या नोकरीवर, हट्टांवर, त्यानं कुणाच्या अडीनडीला केलेल्या मदतीवर आलेलं असे. घरच्यांनाही ठाऊक नसलेला माणूस त्यांना तिथं भेटे. करोनाकाळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा आली, मृतदेह बंद पिशवीतून परस्पर स्मशानात गेले, सांत्वन फोनवर उरकलं. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे 50,000 रुपयांचं सानुग्रह सहाय्य मिळालं. ते आवश्यकच होतं. पण त्यासाठीही कागद लागले ते मरणाचेच. आरटीपीसीआरचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि दवाखान्याची बिलं घातलेली फाइल अनेक घरांत अजून कपाटात आहे. त्या माणसाविषयी चार पानं मात्र कुणी लिहिलेली नाहीत.

यावर कुणी म्हणेल, दहावे-तेरावे म्हणजे कर्मकांड. ते सुटलं तर बरंच झालं. या आक्षेपात तथ्य आहे, कारण याच विधींच्या नावाखाली बायकांच्या बांगड्या फोडल्या गेल्या, कुंकू पुसलं गेलं. पण याचं उत्तरही त्याच काळानं दिलं आहे. करोनात गावातल्या तरुण बायका विधवा झाल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जिवंत माणसाला शिक्षा करणारी रूढी टाकायची आणि चार माणसांनी जमून गेलेल्याविषयी बोलायची रीत ठेवायची, हे सहज जमण्यासारखं आहे.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे: खपली कशाला काढायची? पण न बोलल्यानं मरण विसरलं जात नाही, माणूस विसरला जातो. तेव्हा रांगणारी मुलं आज शाळेत जातात. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे सरकारनं पाच लाखांची ठेव ठेवली. आई कशी हसायची, बाप कशावर चिडायचा, हे मात्र नातेवाइकांनीच सांगायला हवं. आणि ते सांगताना गोडवेच गायला हवेत असंही नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे पती, कवी रेव्हरंड टिळक, 1919 मध्ये गेले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग आला 1934 मध्ये. त्यांनी टिळकांचा तापटपणा झाकला नाही, न सांगता घर सोडून जाणं झाकलं नाही, धर्मांतरानंतरची ताटातूटही झाकली नाही. म्हणूनच त्या पानांतले टिळक आजही जिवंत वाटतात, आणि लक्ष्मीबाईंचं त्यांच्यावरचं प्रेमही खरं वाटतं.

उशीर झालेला नाही. येत्या वर्षश्राद्धाला, मिस्सेला किंवा फातेह्याला माणसं जमतील तेव्हा त्या आजाराविषयी पुरेसं बोलून झालंय असं मानावं आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला तो माणूस कसा जगला ते सांगायला बसावं. गेलेल्यांचं आपल्याकडे राहिलेलं हेच देणं आहे.