चार मीटरच्या मापात बसवलेली सेडान

भारतीय रस्त्यांवरील लहान सेडान मोटारीकडे बाजूने पाहिले, तर तिची डिकी मध्येच छाटल्यासारखी दिसते. ही रचनाकाराची हौस नव्हे. तो केंद्रीय करप्रणालीचा परिणाम आहे. मारुती सुझुकी डिझायर, ह्युंदाई ऑरा आणि होंडा अमेझ या तीन प्रतिस्पर्धी गाड्यांची लांबी एकसारखी, म्हणजे ३९९५ मिलिमीटर आहे, हा योगायोग नाही.

तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २००६ च्या अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. त्यासाठी लहान मोटारीची व्याख्या करण्यात आली : लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२००, डिझेलचे असल्यास १५०० घनसेंटिमीटरपर्यंत. हॅचबॅक या मापात सहज बसत होत्या. इंजिन, प्रवासी आणि सामान यांचे तीन स्वतंत्र भाग असलेल्या सेडानला मात्र हे माप अपुरे पडत होते. टाटा मोटर्सने २००८ मध्ये इंडिगो सीएस ही ३९८८ मिलिमीटर लांबीची गाडी आणून मार्ग दाखविला.

या मापाची किंमत काय, हे डिझायरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २००८ ची पहिली डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती आणि तिच्या डिकीची क्षमता ४४० लिटर होती. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीत लांबी १६५ मिलिमीटरने घटली आणि डिकी ३१६ लिटरवर आली. विशेष म्हणजे पुढील व मागील चाकांमधील अंतर याच वेळी २३९० वरून २४३० मिलिमीटर झाले. म्हणजे प्रवाशांच्या वाट्याला अधिक जागा आली आणि कात्री लागली ती सामानाला. दिसायला ती गाडी काहीशी बेढब होती, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे. तरीही ती भरपूर खपली.

२०१७ च्या आवृत्तीपासून चित्र बदलले. छताचा उतार मागील काचेपर्यंत सलग नेल्याने डिकी जोडल्यासारखी न वाटता गाडीचाच भाग वाटू लागली आणि तिची क्षमता ३७८ लिटरपर्यंत वाढली. मात्र उतरत्या छतामुळे मागे बसणाऱ्या उंच व्यक्तीच्या डोक्यावरील जागा कमी होते. त्यामुळे गाडी पाहायला जाताना मागच्या आसनावरही बसून पाहावे. फोक्सवॅगनने २०१६ मध्ये पोलोवर आधारित अ‍ॅमिओ खास भारतासाठी तयार केली, तेव्हा बंपरमध्येही काटछाट करावी लागली होती.

लांबी वाढविता येत नसल्याने स्पर्धा आता सुविधांकडे वळली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या डिझायरमध्ये सहा एअरबॅग सर्व प्रकारांत आहेत, तर वरच्या प्रकारांत छतावर उघडणारी काचही मिळते. ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी तिला पाच तारे मिळाले. पाठोपाठ डिसेंबरमध्ये आलेल्या अमेझच्या वरच्या प्रकारात समोरील अडथळा ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा देण्यात आली. एकेकाळी या गोष्टी केवळ महागड्या गाड्यांत असत.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले. चार मीटर व इंजिनक्षमतेच्या मर्यादेतील गाड्यांना १८ टक्के, तर साडेचार मीटरहून लांब असलेल्या होंडा सिटीसारख्या सेडानला ४० टक्के कर लागतो. रेषा तीच राहिली. तिच्या दोन्ही बाजूंमधील फरक मात्र मोठा आहे.

सीएनजी गाडी घेणाऱ्यांसाठी डिकीचा प्रश्न अधिक बिकट असतो, कारण एकच मोठी टाकी बसविल्यावर दोन मोठ्या बॅगाही मावणे कठीण होते. टाटाने २०२३ मध्ये टिगोरमध्ये एका टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली बसविल्या आणि वरची जागा सामानासाठी मोकळी केली.