कुरवंड्याला समुद्र नाही, पण नौदल आहे!

लोणावळ्याहून नागफणीच्या कड्याकडे निघालं की कुरवंड्याच्या रस्त्यावर नौदलाचं 'आयएनएस शिवाजी' लागतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचावर, आणि इथे १९४५ पासून जहाजांची इंजिनं शिकवतात! मला तर याची जाम गंमत वाटते.

शिक्षण मात्र एक नंबर. जहाजाच्या नकली खोलीत भोकातून खरंच पाणी सोडतात. ते गळ्याशी यायच्या आत पोरांनी लाकडी पाचरी ठोकून भोक बुजवायचं. असं प्रॅक्टिकल दुसऱ्या कुठल्या कॉलेजात असतं, सांगा! वर शिकतानाच पैसे मिळतात.

पण पहाटे पीटी, लोणावळ्याच्या धो धो पावसातही शिस्त तीच. नागफणी समोर दिसते, पण मनात आलं म्हणून सुटता येत नाही. आणि कंटाळा आला तर 'सोडतो' म्हणणंही सोपं नाही.