पाठीतले पाणी : संशयित मेंदूज्वर आणि पहिले काही तास

तापातील साधा झटका आणि मेंदूज्वर हे दोन्ही आजार पहिल्या तासाभरात अगदी एकसारखे दिसू शकतात, आणि सकाळपर्यंत अंगणात खेळणारे मूल संध्याकाळी तापाने फणफणून डोळे फिरवू लागले की आईवडिलांच्या जिवाचा जो थरकाप उडतो, त्याच्या मुळाशी हेच साम्य असते. साधा झटका साधारणपणे सहा महिने ते पाच वर्षे या वयात येतो, पंधरा मिनिटांच्या आत थांबतो, चोवीस तासांत पुन्हा येत नाही आणि थोड्या वेळाने मूल पूर्ण शुद्धीवर येऊन आईला ओळखते. यांपैकी एखादी जरी गोष्ट जुळत नसेल, तर मेंदूज्वराचा संशय घेणे भाग पडते.

‘मेंदूज्वर’ हा शब्द मराठीत दोन निरनिराळ्या आजारांसाठी सर्रास वापरला जातो, त्यामुळे त्याची फोड आधी करणे आवश्यक आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती तीन पातळ पडद्यांचे आवरण असते. त्या आवरणाच्या दाहाला मेनिंजायटिस म्हणजे मस्तिष्कावरणदाह म्हणतात, तर खुद्द मेंदूच्या पेशींना दाह झाला की त्याला एन्सेफलायटिस म्हणतात. पहिल्या आजाराचे कारण जीवाणू असतील तर प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि ती किती लवकर मिळाली यावर मुलाचे पुढचे आयुष्य ठरते. दुसरा बहुधा विषाणूंमुळे होतो आणि त्यांतील मोजक्याच विषाणूंवर औषध आहे.

महाराष्ट्राला या दुसऱ्या प्रकाराचा कटू अनुभव आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा या गावात १९६५ मध्ये सापडलेल्या आणि त्या गावाच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूचा २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात उद्रेक झाला, तेव्हा एकट्या आंध्र प्रदेशात नोंदल्या गेलेल्या ३२९ बालरुग्णांपैकी १८३ मुले दगावली, आणि त्यांतील बहुतेकांना रुग्णालयात पोहोचल्यानंतर एक दिवसही मिळाला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात खानदेशाच्या शेजारच्या गुजरातमध्ये तो पुन्हा उसळला. हा विषाणू पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहते. म्हणून भेगा लिंपणे आणि मुलांना मच्छरदाणीत झोपवणे या साध्या गोष्टींचे मोल मोठे आहे.

खानदेशातील वरणगाव, भुसावळ, जळगाव या पट्ट्यात आणखी एक अडचण असते, ती उन्हाची. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे झेपावतो आणि तापलेले, मलूल झालेले, उलट्या करणारे मूल पाहून घरातील जाणती माणसे ‘ऊन लागले’ असे म्हणून कांद्याचा रस तळपायाला चोळतात किंवा कैरीचे पन्हे पाजतात. ही समजूत अगदीच निराधार नाही, कारण उष्माघातातही अंग भाजते आणि शुद्ध हरपते. परंतु शुद्ध हरपण्यापर्यंत पोहोचलेला उष्माघात हादेखील रुग्णालयाचाच विषय असल्यामुळे या दोहोंतील फरक घरात बसून ठरवण्याची गरजच उरत नाही. अंग गार पाण्याने पुसत पुसत निघावे, आणि अर्धवट शुद्धीतील मुलाच्या तोंडात पन्हे, पाणी, औषध यांपैकी काहीही घालू नये.

संशय कशावरून घ्यावा, या प्रश्नाचे उत्तर वयानुसार बदलते. तीन-चार वर्षांचे मूल डोके दुखते असे सांगते, उजेड नको म्हणते आणि हनुवटी छातीला लावायला सांगितली तर मान आखडल्यामुळे ते त्याला जमत नाही. तान्ह्या बाळात मात्र मान मऊच राहू शकते, आणि केवळ त्या एका लक्षणावर विसंबल्यामुळे निदान हुकते. तेथे बाळाने अंगावर पिणे सोडणे, एका विचित्र चिरक्या सुरात रडणे, उचलून घेतल्यावर शांत होण्याऐवजी अधिकच कळवळणे आणि टाळू फुगून वर येणे ही चिन्हे अधिक बोलकी ठरतात. अंगावर लाल-जांभळे ठिपके उठले आणि काचेचा पेला त्यांवर दाबूनही ते फिके पडले नाहीत, तर ते रक्तात पसरलेल्या जीवाणूसंसर्गाचे लक्षण असू शकते. सावळ्या कातडीवर ते सहज दिसत नसल्यामुळे तळहात, तळपाय आणि पापण्यांच्या आतील बाजू मुद्दाम पाहाव्या लागतात.

वरणगावहून जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय सुमारे ४० किलोमीटर दूर आहे, आणि या आजारात एवढ्या अंतरालाही अर्थ असतो. बालकांच्या आजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाची जी पद्धत देशभर शिकवली जाते, तिच्यात अशा मुलाला प्रतिजैविकाचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवावे असे स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना ‘निघण्यापूर्वी इंजेक्शन देता येईल का’ असे विचारणे हा आगाऊपणा नव्हे. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत दिलेल्या औषधांच्या बाटल्या व चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात, कारण तोंडाने दिलेल्या प्रतिजैविकामुळे आजार बरा होत नसला तरी त्याच्या खुणा मात्र पुसट होतात.

रुग्णालयात पोहोचल्यावर जो प्रश्न बहुतेक कुटुंबांना सर्वाधिक हादरवतो, तो पाठीतले पाणी काढण्याच्या संमतीचा. पाठीतले पाणी काढले की पोर लुळे पडते, ही धास्ती खेड्यात आणि शहरात सारखीच आढळते, आणि तिच्यामुळे संमती नाकारली गेली की डॉक्टरांना अंधारात उपचार करावे लागतात. ही धास्ती कशी निर्माण झाली असावी, हे समजणे कठीण नाही : ही तपासणी मुलाची अवस्था आधीच चिंताजनक असताना केली जाते, पुढे आजारामुळे पायातले बळ गेले किंवा मूल दगावले की त्याचे खापर आधी टोचलेल्या सुईवर फुटते, आणि एका घरातील ती हकिगत दहा गावांत पोहोचते.

प्रत्यक्षात ही तपासणी जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी १८९१ मध्ये रूढ केली, आणि तिची सुरक्षितता शरीराच्या रचनेतच आहे. मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, नवजात बाळात तिसऱ्याच्या आसपास, आणि सुई त्याही खाली घातली जाते, जेथे केवळ मज्जातंतूंचे धागे पाण्यात तरंगत असतात. काढलेले पाणी चमचाभरही नसते आणि शरीर ते काही तासांत भरून काढते. निरोगी पाणी नितळ असते. जीवाणूंचा संसर्ग असेल तर ते गढूळ दिसते, त्यातील पांढऱ्या पेशी वाढतात आणि साखर खाली जाते; एरवी ती रक्तातील साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. म्हणूनच त्याच वेळी रक्तही घेतले जाते. विषाणूंच्या संसर्गात साखर सहसा टिकून राहते. क्षयाच्या मेंदूज्वरात साखर कमी, प्रथिने फार वाढलेली आणि आजार आठवड्यांच्या गतीने सरकलेला असे चित्र दिसते. पहिल्या आजाराचे औषध एक-दोन आठवड्यांचे, तिसऱ्याचे वर्षभराचे; हा फरक त्या थेंबांखेरीज दुसऱ्या कशानेही इतका लवकर कळत नाही. मेंदूवरचा दाब वाढल्याची चिन्हे असतील, श्वास अस्थिर असेल किंवा रक्तस्रावाची भीती असेल, तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात, मात्र औषध थांबवत नाहीत.

हा आजार टाळण्यासाठी लसीही आहेत : जन्मानंतर लगेच टोचली जाणारी बीसीजी क्षयाच्या मेंदूज्वरापासून, तर सहाव्या आठवड्यापासून सुरू होणाऱ्या पेंटाव्हॅलंट व न्यूमोकोकल लसी जीवाणूजन्य मेंदूज्वराच्या दोन मोठ्या कारणांपासून संरक्षण देतात, आणि तिन्ही सरकारी केंद्रात मोफत मिळतात.

मूल वाचून घरी आले म्हणजे आजार संपला, असे मात्र समजू नये. जीवाणूजन्य मेंदूज्वराचा सर्वांत वारंवार मागे राहणारा घाव कानाला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. हाक मारल्यावर वळून न पाहणारे मूल घरच्यांना हट्टी वाटू लागते आणि त्यात महिने निघून जातात. या आजारानंतर आतल्या कानातील पोकळीत हाड धरू लागले, तर कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानातील श्रवणरोपण) बसवण्याची शस्त्रक्रियाही अवघड होऊन बसते. म्हणून मेंदूज्वरातून उठलेल्या प्रत्येक मुलाची, ते कितीही धडधाकट दिसत असले तरी, रुग्णालयातून सुटल्यापासून चार आठवड्यांच्या आत श्रवणतपासणी करून घ्यावी.