बोट ग्रिडकडे, बिघाड डीपीजवळ

मलकापुरातल्या एखाद्या घरावर ३ किलोवॉटचं सोलर आहे, पावसाने उघडीप दिल्याने चांगलं ऊन पडलंय, आणि नेमका तेव्हाच इन्व्हर्टर 'ग्रिड फ्रिक्वेन्सी फॉल्ट' दाखवून बंद पडतो. 'आमच्याकडची लाइटच तसली' म्हणून घरचे गप्प बसतात, नाहीतर कुणाला तरी बोलावून इन्व्हर्टरची मर्यादा सैल करून घेतात. दोन्ही चूक आहे. गाव ग्रिडला जोडलेलं असेपर्यंत फ्रिक्वेन्सी एकट्या मलकापुरात बिघडूच शकत नाही. बिघाड असलाच तर तो बहुतेक वेळा डीपीपासून (म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंतच्या तारेत असतो, आणि तिथेच तो शोधायला हवा.

रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाशी एक झालं. आता कोयनेचं जनित्र असो की पंजाबातल्या धरणावरचं, देशभरची जनित्रं एकाच तालाला बांधलेली आहेत; हा ताल म्हणजेच फ्रिक्वेन्सी. देशाची मागणी वाढली की सगळीच किंचित मंदावतात, घटली की सगळीच किंचित वेग घेतात. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता देशभर दिवे मालवले गेले, तेव्हा मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने घसरली. एवढ्या हिसक्यानंतरही फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांच्यातच राहिली. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत छोट्या सौर संचांसाठी ४७.५ आणि ५०.५ हर्ट्झ या मर्यादा आहेत. म्हणजे तो हिसका भर दुपारी बसला असता, तरी नियमाप्रमाणे लावलेला इन्व्हर्टर चालू राहिला असता. यावर कुणी म्हणेल, संध्याकाळी पंखा रखडतो, दिवा मिणमिणतो, ते काय उगाच? उगाच नाही, पण ते व्होल्टेज. लांब, बारीक तारेवर भार वाढला की व्होल्टेज गल्लीगणिक बदलतं, फ्रिक्वेन्सी नाही.

मग इन्व्हर्टर खोटं बोलतो का? तोही खोटा नाही. मात्र त्याला जनित्र दिसत नाही, दिसते ती आपल्या तारेवरची लाट, आणि ती शून्यावरून कधी जाते यावरून तो हिशेब मांडतो. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची, ५०.५ हर्ट्झची १९.८ मिलिसेकंदांची. सगळा निवाडा ०.२ मिलिसेकंदावर! पोलवरचा जंपर सैल असेल, न्यूट्रलचा जोड गंजला असेल, तर वाऱ्याच्या झोताबरोबर तिथे ठिणग्या उडतात आणि लाट वेडीवाकडी होते. इन्व्हर्टर अनेक लाटा पाहून निर्णय घेतो, त्यामुळे एका ठिणगीने तो पडत नाही. पण जोड सतत थरथरत राहिला तर त्याचा हिशेब चुकतो. आंबा घाटाकडून येणाऱ्या पावसात असे जोड किती दिवस टिकणार? याशिवाय सेटिंगमध्ये भारताऐवजी भलत्याच देशाचा ग्रिड कोड राहून गेला असेल, तर ग्रिडच्या नेहमीच्या चढउतारातही इन्व्हर्टर बंद पडू शकतो. ही एक गोष्ट आधीच पाहून घ्यावी.

कधी कधी तर हा संदेश इन्व्हर्टर शाबूत असल्याची खूण असतो. फांदी पडून फीडर बंद झाला, तरी आपला सौर संच शेजारच्या चार घरांना वीज देत राहिला, तर ग्रिडपासून तुटलेलं एक छोटं बेट तयार होतं. ते ओळखण्यासाठी अनेक इन्व्हर्टर स्वतःच फ्रिक्वेन्सीला सतत बारीकसा रेटा देतात. ग्रिड जागेवर असेल तर ते त्या रेट्याला दाद देत नाही. ते नसेल तर फ्रिक्वेन्सी झरझर सरकत मर्यादा ओलांडते आणि इन्व्हर्टर थांबतो. असं बेट झाल्यापासून दोन सेकंदांत इन्व्हर्टरने थांबलंच पाहिजे, असा नियम आहे.

म्हणून सगळ्यात आधी ॲपमधल्या नोंदींची वेळ पाहावी. लाइट गेली त्याच मिनिटाची नोंद असेल, तर काहीच बिघडलेलं नाही. लाइट असताना, वारा-पाऊस सुरू झाला की नोंदी वाढत असतील, तर एकाच डीपीवरच्या दुसऱ्या सोलरवाल्याला विचारावं: त्याचाही इन्व्हर्टर त्याच वेळी पडत असेल तर डीपीकडचा किंवा सामाईक तारेवरचा जोड संशयित, आपला एकट्याचाच पडत असेल तर आपली सर्व्हिस वायर किंवा घरातली जोडणी.

मर्यादा सैल करण्याच्या बाजूने जर्मनीचा दाखला देता येईल. तिथले लाखो संच ५०.२ हर्ट्झला एकदम बंद होतील आणि त्यानेच ग्रिड कोसळेल, या भीतीने २०१२ मध्ये नियम करून जुन्या संचांमध्ये बदल करून घेतले गेले. पण ते साऱ्या ग्रिडचा विचार करून झालं, आणि वीज टप्प्याटप्प्याने कमी करण्याची सोय ठेवून. एका घराने गुपचूप आकडा वाढवणं ही वेगळी गोष्ट आहे. त्याने सैल जोड तसाच तापत राहतो, आणि तार मृत आहे असं समजून भर पावसात पोलवर चढलेल्या वायरमनचं संरक्षण तेवढं कमी होतं. त्यापेक्षा नोंदींच्या तारखा-वेळा लिहून तक्रार द्यावी आणि न्यूट्रल तपासायला सांगावं. जोड नीट झाल्यावर इन्व्हर्टर लगेच सुरू झाला नाही, तर घाबरू नये. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी किमान ६० सेकंद स्थिर दिसेपर्यंत त्याने थांबायचं असतं.